परदेशातून : लेन संपण्याआधीचे तेरा सेकंद

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोठा अपघात झाला की ठरलेली चर्चा सुरू होते. ट्रकवाले उजवी लेन सोडत नाहीत, लोकांना शिस्त नाही, दंड वाढवा, कॅमेरे लावा. दंड २०१९च्या कायदादुरुस्तीने वाढले, कॅमेरेही लागले. तरी चर्चा तिथेच फिरते, आणि ब्रिटनमध्ये राहणारी आपली मंडळी त्यात हमखास "इकडे बघा" म्हणत उडी घेतात. बघायला हरकत नाही, पण कॅमेऱ्यांपेक्षा त्रिकोणी फलकांकडे बघावं, असं माझं मत आहे. पुढे लेनची रचना बदलणार आहे हे आधीच ओळखायला इथे ब्रिटनमधला शिकाऊ चालक शिकतो. आपल्या शिस्तीच्या चर्चेत नेमका हाच भाग गळतो.

तुलना करणं सोपं आहे. दोन्हीकडे वाहनं डावीकडून चालतात आणि धोक्याची सूचना देणारा फलकही सारखाच असतो: लाल कडांचा त्रिकोण, पांढऱ्यावर काळी आकृती. लेनच्या बाबतीत त्यातले तीन-चार फलक शिकाऊ लोक हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्ही कडा आत वळलेल्या असतील तर रस्ता दोन्ही बाजूंनी अरुंद होतोय. एकच कड वळलेली असेल तर त्याच बाजूची जागा जाणार. आकृतीत मधला दुभाजक संपताना दिसला तर तो सगळ्यात गंभीर, कारण आतापर्यंत जी उजवी लेन ओव्हरटेकसाठी आपली होती, ती पुढे समोरून येणाऱ्यांची होणार. हा फलक दिसल्यावर नवीन ओव्हरटेक सुरू करायचा नाही. सुरू असेल आणि पुढची जागा दिसत नसेल, तर वेग कमी करून मागे यायचं.

याच जागी वेगमर्यादाही बदलते आणि ती आकडा न लिहिता बदलते. पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी म्हणजे राष्ट्रीय वेगमर्यादा. कारसाठी ती दुभाजक असलेल्या रस्त्यावर ताशी ७० मैल, दुभाजक नसलेल्यावर ६०. गोल तोच, अर्थ रस्त्यावर ठरतो.

बाणांचा गोंधळ वेगळा. त्रिकोणात एक बाण वर, एक खाली, दोन्ही काळे आणि सारखे: पुढे दुहेरी वाहतूक आहे. तेच बाण आडवे असतील तर तुमच्या एकेरी रस्त्याला दुहेरी वाहतुकीचा रस्ता छेदतोय. लाल गोलात एक बाण लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या चौकोनात तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर आधी जाण्याचा हक्क तुमचा. आकृती जवळपास तीच, हुकूम उलटा. म्हणून आधी फलकाचा आकार बघायचा, मग आतलं चित्र.

त्रिकोणाखालच्या पाटीवर अंतर असतं, यार्डांत. "४०० यार्ड" म्हणजे सुमारे ३६५ मीटर. ताशी ६० मैल म्हणजे साधारण ९६ किलोमीटर, सेकंदाला २७ मीटर. हातात साडेतेरा सेकंद आले. दोनेक सेकंद फलक वाचण्यात जातात. मग आतला आरसा, ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा आरसा, खांद्यावरून एक नजर, इंडिकेटर. शेजारच्या लेनमध्ये किमान दोन सेकंदांची, म्हणजे या वेगाला ५० मीटरहून जास्त मोकळी जागा शोधायची, तिथल्या वाहनांशी वेग जुळवायचा आणि तीन-चार सेकंदांत सावकाश सरकायचं. बेरीज केली तर शिल्लक फारशी उरत नाही. शिकाऊ माणूस चुकतो तो इथेच. फलक दिसताच पहिला पाय ब्रेकवर जातो, मागचा गांगरतो, आणि वेग मोडल्यामुळे शेजारच्या लेनमध्ये शिरणं आणखी अवघड होतं. दुसरी चूक म्हणजे कोणती लेन संपतेय हे न बघता लगेच बाजूला होणं.

हे रस्त्यावरच्या रंगातही लिहिलेलं असतं. साधी तुटक रेघ लांबायला लागली आणि मधली फट आखूड झाली, तर ती धोक्याची रेघ. वेगवान रस्त्यावर ती ६ मीटर रेघ आणि ३ मीटर फट अशी असते. पुढे वळलेले बाण येतात, ते सांगतात कुठल्या बाजूला सरकायचं. त्यानंतर दुहेरी पांढरी रेघ लागली आणि तुमच्या बाजूची अखंड असली की ओलांडणं बंद, थोडे अपवाद सोडून. फलक एखाद्या ट्रकआड गेला तरी रस्ता बोलत राहतो. मला या व्यवस्थेचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं.

आता इथल्या लोकांचंही बघू. रस्त्याच्या कामासाठी उजवी लेन बंद होणार असली की ब्रिटिश माणूस दूरवरूनच डाव्या लेनमध्ये रांग लावतो. उजवीकडून शेवटपर्यंत येणारा त्याला रांगमोडू वाटतो. काही जण तर दोन लेनच्या मधोमध गाडी घालून त्याला अडवतात. प्रत्यक्षात इथल्या हायवे कोडचा, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेचा, नियम १३४ सांगतो की वाहनं अगदी कमी वेगात असतील आणि सुरक्षित असेल, तर दोन्ही लेन वापरून शेवटी एकाआड एक मिसळावं. म्हणजे टोकापर्यंत जाण्याची आपल्याकडची सवय मुळात चूक नाही. एकाला जाऊ दिल्यावर पुढचा नंबर आपला, हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे गळाला आहे. पण ही मुभा रांगत्या वाहतुकीपुरतीच. वेगात असताना टोकापर्यंत जाऊन घुसणं धोक्याचंच, आणि मोटरवेवर लेनवर लाल फुली पेटली असेल तर ती लेन बंदच समजायची: १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट.

परीक्षेतला फरक मात्र झाकण्यासारखा नाही. इथे लेखी भागात ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर लागतात. त्यानंतर चित्रफितींमध्ये धोका उभा राहायला लागताच क्लिक करायचं, त्यात ७५ पैकी ४४ गुण. आपल्याकडे शिकाऊ लायसन्ससाठी ६० टक्के पुरतात आणि ही परीक्षा महाराष्ट्रात २०२१पासून आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. सोय चांगली आहे, हेलपाटे वाचले. पण प्रश्न "हे चिन्ह कशाचं?" इथेच थांबतो. चिन्ह ओळखणारा मुलगा पुढच्या दहा सेकंदांत काय करेल, हे कोणी विचारत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा सगळा भर क्लच सोडण्यावर आणि रिव्हर्सवर.

तरीही सगळं खापर चालकावर फोडणं मला मान्य नाही. दुभाजक संपणं, डावी किंवा उजवी लेन कमी होणं, यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या आपल्या मानकात स्वतंत्र फलक आहेत. कामाच्या जागेसाठी आयआरसी एसपी ५५ आहे. त्यात आगाऊ सूचनेचा टप्पा, लेन बदलण्याचा टप्पा, कामाचा टप्पा आणि शेवटचा टप्पा असे भाग पाडून दिलेत. प्रत्यक्षात पुलाचं काम निघालं की एका बाजूची वाहतूक दुसऱ्या बाजूला वळवतात आणि सूचना म्हणून वळणावरच दोन ड्रम, नाहीतर झाडाची फांदी. ताशी ८० च्या वेगात फांदी ५० मीटरवर दिसली तर हातात सव्वादोन सेकंद असतात. त्यात आरसाही बघून होत नाही. मग जो कट मारतो त्याला आपण बेशिस्त म्हणतो.

कंत्राटदाराचं बिल मंजूर करताना हे आगाऊ फलक, त्यांची अंतरं आणि रात्री चमकणारे पत्रे तारखेसह फोटोतून तपासले जावेत, आणि काम संपल्याच्या दिवशी ते काढलेही जावेत. हा शेवटचा भाग ब्रिटनलाही नीट जमत नाही. कामगार घरी गेले तरी फलक उभेच राहतात, आणि चार वेळा खोटा निघालेला इशारा पाचव्यांदा कोणी मनावर घेत नाही.