कान तुटलेला कप

काल दुपारी मला माझ्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये कान तुटलेल्या कपातून चहा मिळाला. तो मी प्यायलो. त्यामुळे तक्रार करायला तशी जागा उरलेली नाही, तरी करतो.

निमित्त जीपच्या अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं; आमचे मिस्त्री त्याला डायनामो म्हणतात. गाडी जुनी, डिझेल, फोर-बाय-फोर. माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी. शनिवारी संध्याकाळी पेठ रोडवरून परतताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. जुन्या डिझेल गाडीचं एक बरं असतं, पंप यांत्रिक असला की एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेचं फारसं पडलेलं नसतं. म्हणून हेडलाइट न लावता, हॉर्न न वाजवता (नाशकात हॉर्न न वाजवणारा ड्रायव्हर चोर वाटतो) आणि इंजिन एकदाही बंद न करता इंदिरानगर गाठलं. बोगद्यापाशी वीस मिनिटं अडकलो, तिथेही बंद केलं नाही. मागचा रिक्षावाला माझ्या धुराला उद्देशून जे बोलला ते त्याच्या जागी बरोबरच होतं. घरी आल्यावर मीटर लावला. चालू इंजिनावर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले ११.८. म्हणजे अल्टरनेटर गेला.

आमच्या नेहमीच्या वायरमनने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, आणि एखाद्या नातेवाइकाचा रिपोर्ट वाचावा तसं तोंड केलं. "दादा, डायनामो बदलायला अर्धा तास. पण डायनामोपर्यंत पोचायला दोन दिवस. गाडी सोडून जा." मजुरीचा आकडाही त्याने सांगितला. तो ऐकून माझ्यातला स्वावलंबी माणूस जागा झाला. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून रिकंडिशन केलेला अल्टरनेटर आणला, तिथे दोनशे रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस केली, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता जुनी सतरंजी घेऊन गाडीखाली शिरलो.

आता हा अल्टरनेटर बसवलाय कुठे ते सांगतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी जे बोललं गेलं त्यातला अन्याय कळेल. तो इंजिनाच्या कुशीत, अगदी खाली, चासीच्या आडव्या-उभ्या लोखंडामागे. वरून बघितलं तर दिसतो, पण हात पोचत नाही. खालून हात पोचतो, पण मग दिसत नाही. त्याच्या शेपटाला व्हॅक्युम पंप जोडलेला, कारण डिझेल इंजिनाला ब्रेकच्या बूस्टरसाठी लागणारी पोकळी स्वतःची स्वतः तयार होत नाही. त्या पंपाला इंजिनातलं ऑइल लागतं. म्हणजे विजेचं यंत्र काढायला आधी ऑइलचा पाइप सोडवायचा, मग हवेची नळी, मग बेल्ट, आणि मग तो एक वीतभर लांबीचा बोल्ट, जो पूर्ण सुटतो पण बाहेर येत नाही, कारण निम्म्यात चासीला धडकतो. त्यासाठी इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावून, जॅकने इंजिनच इंचभर वर उचलायचं. हे ज्याने कागदावर काढलं तो माणूस नक्की उभा राहून काम करणारा होता.

मायकल फॅरेडेने १८३१ साली चुंबक आणि तारेतून वीज काढायचं गुपित शोधलं, तेव्हा ते टेबलावर होतं. कुठूनही हात घालता येत होता. आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे संच आहेत, तत्त्व तेच, आणि तिथे माणूस चारही बाजूंनी फिरू शकतो. माझ्या गाडीत जेमतेम एक बल्बांची माळ चालवण्याएवढी वीज, आणि ती भुयारात. असो.

तर दहाच्या सुमाराला मी टॉर्च दातांत धरून, एका हाताने ऑइलच्या पाइपचा पोकळ बोल्ट सोडवत होतो. दोन्ही हात लागतात, पण दुसरा हात तिथे मावत नाही. निफाडला पारा घसरला की थंडी आमच्या पार्किंगच्या फरशीतून वर येते, ती पाठीत येत होती. तेवढ्यात बाजूला प्लॅस्टिकची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला दिसल्या त्या फक्त निळ्या पट्ट्याच्या दोन स्लिपर, लेंग्याची किनार, आणि मेथीच्या दोन जुड्यांची पिशवी.

"काय रे पोरा, डायनामो का?"

मी "हं" म्हणालो. दातांत टॉर्च असताना माणूस एवढंच म्हणू शकतो. सगळं पुढचं त्या "हं" मुळे झालं.

हे काका तिसऱ्या मजल्यावर सुनेकडे, मनमाडहून थंडीपुरते आलेले. ते मला नंतर कळलं. आत्ता ते मेथी निवडत बसले, आणि काड्या खाली टाकू लागले, म्हणजे माझ्या कानापाशी.

"मी रेल्वेत होतो. ट्रेन लायटिंगला. चौतीस वर्षं डब्याखाली काढली. आमचा अल्टरनेटर कसा, बोगीला टांगलेला. चाकाच्या धुरीवर पुली, पुलीवरून पट्टा. गाडी पळाली की बॅटरी चार्ज, थांबली की दिवे बॅटरीवर. साध्या डब्याला साडेचार किलोवॅटचा, एसी डब्याला पंचवीस-पंचवीसचे दोन. एकशे दहा व्होल्ट! आणि वाकलं की हाताशी. हा बघ, कुठे लपवून ठेवलाय. सोनं आहे का ते?"

एव्हाना टॉर्च काढून "काका, मी इथलाच, चौथ्या मजल्यावरचा" असं म्हणता आलं असतं. पण मला त्यांचं बोलणं पटत होतं. मी पुन्हा "हं" म्हणालो.

"मालक कोण आहे रे हिचा?"

ऑइलचा पहिला थेंब याच वेळी माझ्या भुवईवर पडला.

"सून सांगत होती, कुठेतरी बँकेत आहे म्हणे. रविवारी गाडी चिखलात घालतो. मुद्दाम! रस्ता शेजारून जात असताना! नदीतून नेतो, डोंगरावर नेतो, आणि मग सोमवारी सगळी बिल्डिंग ढकलते. डोकं बरं आहे ना त्याचं?"

सगळी बिल्डिंग फक्त एकदा ढकलत होती, आणि तेव्हा बॅटरी जुनी होती. शिवाय चिखलासाठी मी पेठ रोडला जातो हे खरं, पण सिंहस्थाच्या तयारीत शहरभर जी खोदाई चालू आहे ती बघता, हल्ली सिडकोतून दूध आणायला गेलं तरी फोर-बाय-फोरचा गिअर टाकावा लागतो. हे कोणी काकांना सांगायचं? गाडीखालच्या माणसाने तर नाहीच.

"मीटिंगमध्ये विषय निघाला होता," काका म्हणाले. "फरशीवर तेलाचे डाग पडतात. काढा म्हणाले ती गाडी. सेक्रेटरीच म्हणाले."

इथे माझा पाना सुटला. आमचे सेक्रेटरी! पहाटेच्या गाडीला नाशिकरोड स्टेशनवर सोडायला ज्यांना गेल्या पावसाळ्यात दोनदा हीच गाडी चालली! तेव्हा पुलाजवळ गुडघाभर पाणी होतं आणि ते दाराचं हँडल धरून "गाडी असावी तर अशी" म्हणत होते. त्या मीटिंगला मी नव्हतो, मुलीची परीक्षा होती. माझ्यामागे माझ्या गाडीचा निकाल लागला, आणि तो मला तिच्याच खाली झोपून, मेथीच्या काड्यांसकट ऐकावा लागला. हे अजूनही मला बोचतंय. विनोद म्हणून लिहायला घेतलं होतं, पण या ठिकाणी हसू येत नाही.

"पैसे आधी घेऊन ठेव," काकांनी आवाज खाली आणला. "असले लोक जिथे तिथे घासाघीस करतात. चिखलात घालायला पैसे असतात, कामगाराला द्यायला नसतात."

द्वारकेचे दोनशे रुपये माझ्या शर्टाच्या खिशात होते. ते तेव्हा टोचल्यासारखे वाटले.

एवढ्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बायकोचा आवाज आला. "अहो! झालं का? किती वेळ अजून?"

मी श्वास धरला. आता उलगडा होणार. काकांनी मान वर केली असावी, कारण स्लिपर थोड्या मागे झुकल्या. मग ते अगदी भारावून म्हणाले, "बाई चांगली आहे हो. मेकॅनिकला अहो म्हणते."

मी काहीच बोललो नाही.

"आणि नवरा कुठे उलथलाय? गाडी त्याची, आणि लक्ष घालतेय बाई. एवढ्या थंडीत गॅलरीत उभी! तो पडला असेल पांघरुणात."

यानंतर मी कोण हे सांगणं शक्यच नव्हतं. सांगितलं असतं तर मी पांघरुणात नव्हतो एवढंच सिद्ध झालं असतं. बाकी सगळं तसंच राहिलं असतं. वरून बायकोने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा काकांनीच परस्पर उत्तर दिलं, "होतंय हो ताई! करतोय तो! मी बसलोय इथे!" बायको आत गेली. ती कोणाशी बोलली असं तिला वाटलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

पुढचे दोन तास काकांनी माझ्यावर देखरेख केली. पहिली जुडी निवडून झाली, दुसरी सुरू झाली. "जॅक अजून एक दाबा दे." "चौदा नंबर लाव, तेरा बसणार नाही." खरं सांगायचं तर तेराच बसत होता, पण इंजिन उचलल्यावर तो लांब बोल्ट थोडा तिरका ओढायचा ही युक्ती त्यांचीच. तो बोल्ट बाहेर आला तेव्हा आम्हा दोघांच्या तोंडून एकदमच "आला!" निघालं. त्या एका क्षणापुरता मी त्यांच्यावर रागावलेलो नव्हतो.

मग चहा आला. नातवाने दोन कप आणले. काकांचा कप निळ्या फुलांचा, कानासकट. माझा तसाच निळ्या फुलांचा, पण कान तुटलेला, आणि तो माझ्या हातात न देता फरशीवर, पायाच्या अंगठ्यापाशी ठेवला. आमच्याही घरी असा एक कप आहे. ओट्यावरच्या फळीत, मागच्या बाजूला. पेस्ट कंट्रोलवाला आला की निघतो, आणि त्याच्यासाठी वेगळा ठेवलाय असं आम्ही कधीच म्हणत नाही. तो आपला "हाताशी होता" म्हणून निघतो. नेमका दर वेळी तोच हाताशी कसा असतो, हा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नव्हता. गरम कप कानाशिवाय धरता येत नाही, म्हणून मळकट फडक्यात गुंडाळून, कोपरावर रेलून प्यायलो. गवती चहा घातलेला. फक्कड होता. त्याचाच जास्त राग आला.

दुपारी दीडला नवा अल्टरनेटर बसला, पाइपला नवे तांब्याचे वॉशर लावले, बेल्ट ताणला. काका तोवर मेथी घेऊन जेवायला गेले होते, त्यामुळे लाल दिवा विझला आणि मीटरवर १४.१ आले ते बघायला कोणीही नव्हतं. ज्यांनी मला इतका वेळ टोकलं त्यांनी नेमका निकाल पाहिला नाही. पाने, टॉमी, फडकी, सगळं पिशवीत भरलं आणि वर आलो.

आज सकाळी लिफ्टमध्ये भेटले. मी इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. ते मफलर गुंडाळून, हातात दुधाची पिशवी.

"तुम्ही चौथ्यावरचे ना? जीपवाले?" आणि मला 'तुम्ही' म्हणाले, हे नोंदवून ठेवतो.

"हो."

"मेकॅनिक कुठला तुमचा? माणूस बरा आहे, उलट बोलत नाही. पण हात फार हळू. साडेचार तास! आमच्याकडे एवढ्यात अख्ख्या गाडीचा रेक झाला असता. पैसे दिलेत ना त्याचे?"

"दिले," मी म्हणालो.

"बरं केलंत." लिफ्टचं दार उघडलं, ते बाहेर पडले, आणि दार बंद होता होता हात आडवा घालून परत आत डोकावले. "एक सांगायचं राहिलं. त्याला विचारा जरा, आमचा कप घेऊन गेला तो. कान तुटका होता, पण सुनेच्या सेटमधला होता. ती शोधतेय कालपासून."

कप आमच्या गॅलरीत, पान्यांच्या पिशवीत आहे. त्यात जुने दोन वॉशर ठेवलेत. बायको म्हणते, वॉचमनच्या हाती पाठवून दे, मेकॅनिकने दिला म्हणून सांग.