टक्के नकोत, धोके सांगा

गणपती जवळ आले की मुंबई–गोवा महामार्गाची नवी तारीख येते. 2011 मध्ये पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या 84 किलोमीटरचं काम सुरू झालं, तेव्हापासूनचा हा नेम. तारीख आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो येतात आणि त्यांच्याखाली ठरलेला वाद रंगतो. वडीलधारे म्हणतात, कंत्राटदाराला काळ्या यादीत टाका. तरुण मंडळी म्हणतात, सगळं एका डॅशबोर्डवर आणा, प्रत्येक पुलाचं किती टक्के काम झालं ते मोबाइलवर दिसू द्या, मग बघा कसे सुतासारखे सरळ होतात. आणि मग कुणीतरी मला टॅग करतं: तुमच्या इंग्लंडात कसं असतं, सांग की जरा.

रेल्वेच्या बांधकामांवर रिस्क रजिस्टर, म्हणजे पुढच्या धोक्यांची नोंदवही, सांभाळणं हा माझा इथला पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे सांगायला हरकत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आतले रकाने तेच: काय बिनसू शकतं, कशामुळे, बिनसलं तर किती दिवस आणि किती पैसे जातील, शक्यता किती, कोण बघणार, कधीपर्यंत. यात कुणी नुसतं ‘भूसंपादनास विलंब’ असं लिहिलं तर मी ते परत पाठवतो. ती जोखीम नव्हे, रड आहे. कोकणातलं कल्पित उदाहरण घेतो. सामाईक सातबाऱ्यावर पस्तीस नावं, त्यांतली निम्मी माणसं मुंबईत, दोघांच्या वारसनोंदी राहिलेल्या. त्यामुळे मार्चपर्यंत ताबा न मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. ताबा हुकला तर पुलाचा एक पाया पावसाळ्यानंतरच, म्हणजे सहा महिने गेले. वारसनोंदींचा पाठपुरावा अमुक अधिकाऱ्याने करायचा, पुढचा आढावा 15 जानेवारीला. इतकं नेमकं लिहिलं की आधी तलाठ्याला गाठायचं, हे लिहिता लिहिताच कळतं.

‘92 टक्के काम पूर्ण’ या पाटीत यातलं काहीही मावत नाही. सपाटीवरचा सोपा रस्ता आधी होतो आणि टक्के भराभर चढतात. घाट, पूल, गावाबाहेरचे बायपास मागे राहतात, आणि उरलेल्या आठ टक्क्यांत गाडी चार तास उभी राहते. म्हणून डॅशबोर्डच्या मागणीला माझा विरोध नसला तरी त्यावर नुसते टक्केच येणार असतील तर मला त्यात रस नाही.

आता इंग्लंडचं कौतुक करायचं तर जपूनच. लंडनची एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे डिसेंबर 2018 मध्ये सुरू व्हायची होती. ऑगस्टअखेर, जेमतेम तीन महिने उरले असताना, जमणार नाही असं जाहीर झालं. गाडी धावली 24 मे 2022 रोजी, आणि 14.8 अब्ज पौंडांचं काम 19 अब्जांच्या आसपास गेलं. सॉफ्टवेअरची कमतरता होती म्हणावं तर तसंही नाही. जोखमी मोजायला तिथे पगारी माणसं होती. नोव्हेंबर 2017 मध्ये पुडिंग मिल लेनच्या वीज उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मरचा स्फोट होऊन चाचण्या लांबल्या, स्टेशनांची कामं मागे पडली होती, तरी डिसेंबरची तारीख कुणी सोडेना. पुढे लंडन असेंब्लीच्या चौकशीत निघालं की महापौरांकडे जाणाऱ्या अहवालांतली धोक्याची वाक्यं वर जाता जाता सौम्य करण्यात आली होती. आमच्या धंद्यात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात: बाहेरून हिरवा म्हणजे सगळं ठीक, कापला की लाल म्हणजे धोक्यात.

लपवाछपवी सरकारही करतं. ‘एचएस2’ या वेगवान रेल्वेच्या जोखमींवरचा अहवाल उघड करा, असं माहिती आयुक्तांनी सांगितल्यावर 2014 मध्ये मंत्र्यांनी नकाराधिकार वापरून तो दाबला होता. म्हणजे माणसं इथूनतिथून सारखीच.

फरक पडतो तो आजूबाजूच्या नियमांनी. एक तर प्रकल्पाचा रंग प्रकल्पवाले एकटे ठरवत नाहीत. सरकारातलीच पण प्रकल्पाबाहेरची एक यंत्रणा मोठ्या कामांना हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देते आणि 2013 पासून तो दरवर्षी छापला जातो. जुलै 2023 मध्ये एचएस2 च्या पहिल्या टप्प्याला लाल मिळाला, सगळ्या वर्तमानपत्रांत आला. जून 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की 2033 मध्ये गाड्या सुरू होण्याचा मार्ग दिसत नाही. त्याने रूळ लवकर पडत नाहीत हे खरंच, पण खोट्या तारखेवर पुढची कामं तरी आखली जात नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. इथल्या बांधकामांत ‘एनईसी’ नावाचे ठरावीक नमुन्याचे करार सर्रास वापरतात. खर्च किंवा मुदत वाढेल असं काही दिसलं की ताबडतोब पूर्वसूचना देणं त्यात दोन्ही बाजूंना बंधनकारक आहे. कंत्राटदाराने दिसत असून सांगितलं नाही, तर त्याला मिळणारी भरपाई ‘वेळेवर सांगितलं असतं तर किती लागली असती’ या हिशेबाने होते. गप्प बसणं महाग पडतं. आपल्याकडच्या निविदांत उशिराबद्दल दंड हमखास असतो. आधी बोलण्यात फायदा आहे असं वाटायला लावणारं कलम मला तरी अजून दिसलेलं नाही.

माझा मावसभाऊ भारतात एका सरकारी खात्यात अभियंता आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, “दादा, लाल टाकला की दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन, ‘हे काय घातलंस, आधी काढ.’ आणि नाव कुणाचं टाकू? आढावा येईपर्यंत त्या माणसाची बदली झालेली असते.” यावर माझ्याकडे सॉफ्टवेअरचं उत्तर नाही. 150 कोटींवरच्या केंद्रीय प्रकल्पांचा लेखाजोखा दिल्ली नियमितपणे प्रसिद्ध करते, पण त्यात मूळ तारीख, सुधारित तारीख, वाढलेला खर्च, म्हणजे होऊन गेलेलं. 2015 पासून पंतप्रधान ‘प्रगती’च्या बैठकांत अडकलेली कामं सोडवतात, तेही काम अडकल्यावर.

गंमत अशी की पुढचं आधी सांगायला लावण्याची सवय महाराष्ट्राने एका धंद्याला लावलेली आहे. 2017 पासून महारेरा या घरबांधणीवरच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बिल्डरला पूर्णत्वाची तारीख, जमिनीवरचे बोजे, चालू असलेले खटले मांडावे लागतात आणि दर तीन महिन्यांनी माहिती ताजी करावी लागते. नाही केली तर नोंदणी स्थगित होऊ शकते. डोंबिवलीत वन बीएचके घेणारा माणूस खटले बघून मगच टोकन देऊ शकतो. जे बिल्डरकडून मागतो ते सरकारी रस्त्याकडून मागायला काय हरकत आहे?

मेट्रो 3 चं आचार्य अत्रे चौक स्टेशन 10 मे 2025 ला प्रवाशांसाठी उघडलं आणि 26 मेच्या पावसात त्यात पाणी शिरलं. त्या वर्षी मान्सून मुंबईत गेल्या 75 वर्षांत सर्वांत लवकर आला होता, एरवी तो 11 जूनच्या सुमाराला येतो. ‘पाऊस दोन आठवडे आधी आला आणि बांधकाम चालू असलेल्या दारातून पाणी शिरलं तर?’ ही एक ओळ आहे. ती कुठल्या रजिस्टरमध्ये होती का, असली तर तिच्यापुढे कुणाचं नाव होतं, हे तिकीट काढून आत उतरणाऱ्याला आधी कळायला हवं होतं.

मावसभावाचा शेवटचा मुद्दा मात्र वजनाचा आहे. जमिनीची जोखीम जाहीर केली की जमीनवाला भाव वाढवेल, कंत्राटदार त्याच कागदावर दावा ठोकेल. खरं आहे, इथेही पैशांचे आकडे व्यापारी गोपनीयतेच्या नावाखाली काळे करूनच कागद बाहेर येतात. तेव्हा रुपये ठेवा झाकून. दिवस, कारण, जबाबदार पद आणि पुढच्या आढाव्याची तारीख, हे चार रकाने मुंबई–गोवा महामार्गावरच्या माणगावच्या बायपासपासून सुरू करायला कुणाची गोपनीयता आड येत नाही. आणि रजिस्टरमधला लाल परस्पर हिरवा करायचा असेल, तर तो कुणी आणि कधी केला, हेही त्याच पानावर राहू द्या. सॉफ्टवेअरला ते सहज जमतं.