मेजर नंतर ठरवता येतं, पण कोणाला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात ब्रँच मोठी की कॉलेज, हा वाद दरवर्षी रंगतो. आता त्यात मेजर-मायनरची, म्हणजे पदवीच्या मुख्य आणि जोड विषयाची, भर पडली आहे. नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. या चर्चेत अमेरिकेचा दाखला हमखास येतो: तिकडे मुलं दोन वर्षं हवं ते शिकतात आणि मग विषय ठरवतात. इकडे अमेरिकेतल्या मराठी घरांतही हा समज पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग मुलांना महागात पडतो.

अमेरिकेत इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा भाषा शिकायच्या असतील तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर जाहीर केलं तरी चालतं. साधारण १२० क्रेडिटच्या पदवीत मेजरचा वाटा तेवढा मोठा नसतो. इंजिनिअरिंग, नर्सिंग आणि कॉम्प्युटर सायन्सचं तसं नाही. सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ कॉम्प्युटरच्या बहुतेक जागा शाळेतून येणाऱ्या मुलांच्या अर्जांतूनच भरतं. इलिनॉय विद्यापीठात दुसऱ्या मेजरमध्ये प्रवेश घेऊन नंतर साध्या कॉम्प्युटर सायन्सला जाणं जवळजवळ अशक्य आहे. बर्कली विद्यापीठानेही २०२३ पासून मागणी असलेल्या मेजरसाठी अर्जातच पसंती मागायला सुरुवात केली. टेक्सास ए अँड एममध्ये इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं, पण ४ पैकी ३.७५ सरासरी राखली तरच पहिल्या पसंतीची शाखा नक्की मिळते. त्याखाली स्पर्धा आहे. म्हणजे ‘आधी कुठेही घुसू, मग बदलू’ हा बेत जिथे सगळ्यात जास्त लोकांना करायचा असतो, तिथेच तो चालत नाही.

दार कागदोपत्री उघडं असलं, तरी विषयांची साखळी आडवी येते. मेकॅनिकलचं उदाहरण घ्या. कॅल्क्युलसचा पहिला पेपर झाल्याशिवाय, किंवा निदान सोबत चालू असल्याशिवाय, भौतिकशास्त्राचा पहिला पेपर घेता येत नाही. त्यानंतर स्टॅटिक्स, मग डायनॅमिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, डिफरन्शिअल इक्वेशन्सच्या मागोमाग फ्लुइड मेकॅनिक्स, आणि मग हीट ट्रान्सफर. जो मुलगा कॅल्क्युलसऐवजी प्रीकॅल्क्युलसपासून, म्हणजे त्याआधीच्या तयारीच्या पेपरपासून सुरू करतो, तो एक सत्र मागे पडतो. पुढचा एखादा पेपर वर्षातून एकदाच होत असेल, तर त्या एका सत्राचं वर्ष होतं आणि पाचव्या वर्षाची फी भरावी लागते. म्हणून माझं सांगणं असं की मेजरचं नाव बघू नका, त्याचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा आणि तिथून उलटं वाचत या. प्रत्येक पेपरला आधी काय लागतं हे लिहीत गेलात की ही साखळी तुमच्या शाळेच्या नेमक्या कोणत्या इयत्तेपर्यंत येते ते दिसतं.

हेच उलटं वाचन महाराष्ट्रात दहावीनंतर करायला हवं, कारण तिथलं दार अकरावीच्या विषयांत बंद होतं. बारावीला गणित नसेल तर संख्याशास्त्र, आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखा अवघड होतात किंवा सुटतात, अर्थशास्त्राच्या काही चांगल्या संस्थाही सुटतात. जीवशास्त्र नसेल तर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा थेट देता येत नाही, तो विषय नंतर वेगळा द्यावा लागतो. मन ठरत नसेल तर इंग्रजी, दुसरी भाषा आणि गणितासह चारही विज्ञान विषय, असे सहा घ्यावेत. भार जास्त आहे हे खरं, आणि एका विषयात गुण कमी पडू शकतात. पण बायफोकल (इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा व्यावसायिक विषय) घेताना नीट विचार करा: २०० गुणांचा तो विषय दुसऱ्या भाषेची आणि बहुधा जीवशास्त्राची जागा घेतो. ‘गुण सहज मिळतात’ एवढ्या कारणावर हा निर्णय पंधराव्या वर्षी घेतला जातो आणि त्यावर घरात दहा मिनिटंही बोलणं होत नाही. जूनमधल्या ब्रँच-कॉलेजच्या वादापेक्षा मला हे फार जास्त खटकतं.

तो वादही आता पसंतीक्रम भरण्याआधीच मिटवावा लागतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, २०२५ साली नियम बदलले. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाली तरी तेच. त्यामुळे ‘बघू तरी मिळतं का’ म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. यादीत वरून खाली खरोखरची आवडच असायला हवी.

मायनरबद्दल कॉलेजला एकच प्रश्न विचारा: हा विषय गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती मुलांनी घेतला आणि त्याचं वेळापत्रक मेजरशी टक्कर देतं का? ज्या कॉलेजात विभागच मोजके आहेत, तिथे माहितीपत्रकातला पर्याय वर्गात मिळेलच असं नाही. नव्या धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण ती अडचणीतल्या मुलासाठी ठीक. विषय चुकला तर बदलायची ती वाट नव्हे.

विषय आवडतो की नाही, हे एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) आठ आठवड्यांचा एखादा कोर्स घेऊन सुट्टीत तपासता येतं. व्हिडिओ बघून मात्र काही कळत नाही, पहिल्या तीन आठवड्यांच्या असाइनमेंट सोडवून बघा. तिसऱ्या आठवड्यानंतर चौथा आपणहून उघडला जातो की उघडवत नाही, तेवढं पुरे आहे.

पदवीसाठी अमेरिकेत यायचा विचार असेल तर मेजरच्या नावामागचा सीआयपी कोडही, म्हणजे अमेरिकी सरकारने अभ्यासक्रमाला दिलेला क्रमांकही तपासा. साध्या अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०१, तर इकॉनोमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३. दुसरा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटात) मोडतो, त्यामुळे पदवीनंतर कामासाठी मिळणाऱ्या १२ महिन्यांवर आणखी २४ महिन्यांचा अर्ज करता येतो. पहिल्यावर तसा येत नाही. एकाच नावाचं मेजर दोन विद्यापीठांत दोन वेगळ्या कोडखाली असतं. प्रवेश मिळाल्यावर हाच कोड व्हिसासाठी लागणाऱ्या आय-ट्वेंटी फॉर्मवर छापलेला येतो, पण तेव्हा वाचून उपयोग कमी. अर्ज करण्याआधीच विभागाला ईमेल करून तो विचारून घ्या.