कातडी मागे जात नाही म्हणून सुंता? त्या मेसेजला एका सिस्टरचं उत्तर

परवा रात्री साडेदहाला अमळनेरहून भाच्याचा फोन आला. "फुई, सोमवारची तारीख मिळतेय. घेऊन टाकू का?"

कसली तारीख, तर चार महिन्यांच्या पोराच्या ऑपरेशनची. पोराला झालंय काय? काही नाही. दूध पितं, खिदळतं, वजन साडेसहा किलो. "मग?" "तू ग्रुपवरचा मेसेज वाचला नाहीस का?"

वाचला होता. महिन्याभरात तो मला चार जणांनी पाठवलाय. मजकूर थोडक्यात असा: मुलाच्या लघवीच्या जागेची कातडी सहा महिन्यांत मागे सरकली नाही, तर तो फायमोसिस. तो आपोआप बरा होत नाही. सुंता केली की लघवीचं इन्फेक्शन, एड्स आणि कॅन्सर होत नाही, म्हणून अमेरिकेत नव्वद टक्के मुलांची जन्मतःच करतात. तान्ह्या बाळाला दुखत नाही, तेव्हा वर्षाच्या आत उरकून घ्या. शेवटी हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं सिस्टर होते, बहुतेक काळ बाळंतिणींच्या आणि लहान मुलांच्या वॉर्डात. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश सांगते.

सगळी गोम पहिल्याच वाक्यात आहे. बाळ जन्माला येतं तेव्हा ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. ती तशीच असायला हवी. इंग्लंडचे डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी १९४९ साली याची मोजदाद छापली. जन्मतः शंभरातल्या जेमतेम चार मुलांची कातडी पूर्ण मागे जात होती, वर्षाच्या मुलांत साधारण निम्म्यांची, तिसऱ्या वर्षी नव्वद टक्क्यांची. पुढे १९६८ साली डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलं तपासली, तर सहा-सात वर्षांच्या मुलांतही आठ टक्क्यांची जात नव्हती. सोळा-सतराव्या वर्षी तसा एकच टक्का उरला. कोणी काही न करता. म्हणजे मेसेजने सहा महिन्यांची जी मुदत घालून दिलीय, तिच्यात गावातली बहुतेक धडधाकट पोरं 'आजारी' ठरतील. आपल्याकडे कपाशी पिकते, तेव्हा हे आपल्याला तरी समजावून सांगायला नको. बोंड आपल्या वेळेला उकलतं. हिरवं बोंड नखाने फोडून कापूस काढायला कोणी जात नाही.

पोरांच्या बाबतीत मात्र जातात. आपल्याकडे मालीश करणाऱ्या बाया, कधी आजीच, अंघोळीच्या वेळी तेल लावून ती कातडी 'रोज थोडी थोडी' मागे ओढतात. 'नाहीतर पुढे लग्नात अडचण येते' हे वर. ओढल्याने कातडीला बारीक चिरा पडतात, रक्त येतं, त्या भरताना व्रण धरतो आणि कडा घट्ट होते. नव्हता तो फायमोसिस आपल्याच हाताने तयार होतो.

एक पोरगा मी विसरत नाही. दोन वर्षांचा, रात्री एकला चोपड्याकडच्या एका खेड्यातून मोटरसायकलवर आणलेला. आजीने संध्याकाळी कातडी मागे ओढली आणि ती पुढे येईना. पाच-सहा तासांत बोंडामागे फुगीर जांभळं कडं तयार झालं होतं, बोटात अडकलेल्या अंगठीसारखं. पोराचा रडून आवाज बसलेला. डॉक्टरांनी थंड सलाइनमध्ये भिजवलेला गॉज गुंडाळून मुठीत धरला आणि घड्याळ बघत दहा मिनिटं नुसतं दाबून ठेवलं. सूज उतरली, मग अंगठ्याने हळूच बोंड आत ढकलून कातडी पुढे घेतली. ते झालं म्हणून बरं, नाहीतर रात्रीच चिरा द्यावा लागला असता. आजी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. तिला रागावायची माझी छाती झाली नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

लघवी करताना पुढे फुगा येतो, याचीही आयांना फार भीती वाटते. कातडी सुटायला लागली की लघवी क्षणभर आत साठते आणि फुगा येतो. धार चांगली असेल, पोर कण्हत नसेल, तर तो जाईल. कातडीखाली पांढरे दाणे दिसतात तो पू नव्हे, झडलेल्या पेशींचा मळ असतो. बाहेरून पाण्याने धुवायचं, आत बोट घालायचं नाही.

खरा फायमोसिस असतो, नाही असं नाही. टोकाला पांढरट, कडक, व्रणासारखं कडं, आधी मागे जाणारी कातडी आता जात नाही, वारंवार सूज आणि पू, लघवीला जोर करावा लागणं. व्रणाचा हा आजार पंधराव्या वर्षापर्यंत हजारात साधारण सहा मुलांना होतो असा इंग्लंडचा हिशोब आहे, आणि त्यात सुंता हाच बहुधा उपाय असतो. नुसती कातडी घट्ट असेल तर डॉक्टर आधी स्टेरॉइडचं मलम देतात, चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक मुलांचं त्यावर भागतं. मेसेजमध्ये या मलमाचा उल्लेखही नाही.

आता लघवीचं इन्फेक्शन. इथे मेसेजवाल्याच्या हाताला थोडं खरं लागलंय, ते मान्य करते. सुंता केलेल्या बाळांत हे इन्फेक्शन बरंच कमी दिसतं. पण कितीचं कमी? निरोगी मुलांत ते मुळातच शंभरातल्या एखाद्याला होतं. २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, तेव्हा एक इन्फेक्शन टाळायला १११ मुलांची सुंता करावी लागेल असं निघालं. त्या १११ जणांत दोन टक्क्यांना रक्तस्राव, जंतुसंसर्ग असं काही झालं, तर एकाचं वाचवताना दोघांना त्रास. ज्या बाळाची लघवी मूत्राशयातून मोठ्या प्रमाणात उलटी किडनीकडे जाते त्याचा हिशोब वेगळा. तिथे चार ऑपरेशनांत एक इन्फेक्शन टळतं आणि डॉक्टर कधीकधी स्वतःहून सुंता सुचवतात. फरक बाळाबाळात आहे, आणि मेसेज तर सगळ्यांना एकच. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीला जातो, तेव्हा बाळाला वरचेवर अंगावर पाजणं आणि डायपर दिवसभर न बांधणं एवढं केलं तरी खूप. सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवी तपासून घ्यायची.

एड्सचा मुद्दा ऐकायला सगळ्यात शास्त्रीय वाटतो, कारण त्यामागे खरंच अभ्यास आहेत. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात ते झाले, २००५ ते २००७ मध्ये छापून आले. सुंता केलेल्या पुरुषांत बाईकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण पन्नास ते साठ टक्के कमी झाली. ते पुरुष मोठे होते, स्वतःच्या संमतीने आलेले, आणि त्या भागांत हा आजार घरोघरी पसरलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये शिफारस केली ती अशाच पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांसाठी. भारतात मोठ्या माणसांत हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय 'कमी होते' आणि 'होत नाही' यात जीव जाण्याइतकं अंतर आहे. निरोध त्याने सुटत नाही. आणि चार महिन्यांच्या पोराला या कारणासाठी घाई कसली? अठराव्या वर्षी त्याला वाटलं तर त्याचं तो करील.

कॅन्सरचं थोडक्यात. लिंगाचा कॅन्सर दुर्मिळ आहे. घट्ट कातडी, अस्वच्छता, एचपीव्ही विषाणू आणि तंबाखू ही त्याची कारणं. डेन्मार्कमध्ये सुंता फारशी होत नाही, तरी तिथे तो १९४० नंतरच्या दशकांत कमीच होत गेला. कॅन्सरच्या भीतीने पोराची कातडी काढायला निघालेला बाप स्वतः गुटख्याची पुडी फाडत असेल, तर आधी ती फेकावी.

"अमेरिकेत नव्वद टक्के." नाही. तिथल्या सरकारी नोंदीप्रमाणे दवाखान्यात जन्मलेल्या मुलांत हे प्रमाण १९७९ मध्ये ६४.५ टक्के होतं, २०१० मध्ये ५८.३ वर आलं. ही प्रथा पडली कशी तेही मजेशीर आहे. १८७० साली न्यूयॉर्कच्या डॉ. लुईस सेअर यांनी पाय लुळे पडलेल्या एका पोराची सुंता केली, तो चालायला लागला असं जाहीर केलं, आणि मग फेफऱ्यापासून सगळ्यावर तोच उतारा सुरू झाला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये एवढंच म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सगळ्यांना सरसकट करा म्हणावं इतके नाहीत, आईबापांनी ठरवावं. कॅनडाच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट नको असंच सांगितलं. मेसेजात कॅनडा नाही.

"तान्ह्या बाळाला दुखत नाही." हे वाचून मात्र मला राग आला. एके काळी डॉक्टरही असं मानत, आणि नवजात बाळांची मोठी ऑपरेशनं पुरेशा भुलेशिवाय होत. ते मोडीत काढणाऱ्यांत पुढे होते डॉ. कंवलजीत आनंद. आपल्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत दाखवून दिलं की नवजात बाळाला वेदना होतात. १९९७ मध्ये कॅनडात तर असं दिसलं की भूल न देता सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त रडतात. बाळ सांगू शकत नाही, एवढंच.

मेसेजने जे सांगायला हवं होतं ते सांगितलेलंच नाही. काही मुलांचं लघवीचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असतं. साधारण दोन-तीनशे मुलांत एक. त्याची दुरुस्ती करताना सर्जन हीच कातडी वापरतात. अशा पोराची सुंता आधीच झाली की नवी नळी करायला घरचं कापडच उरत नाही. मी तशी केस पाहिलीय. बापाच्या हातातला चार वर्षांपूर्वीचा कागद आणि सर्जनचा उतरलेला चेहरा, दोन्ही आठवतात. घरात मामाकडे कोणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर तेही आधी सांगायला हवं.

या मेसेजच्या उलट एक दुसराही फिरतोय, 'हे आपल्यात नसतं, त्यांच्यात असतं' अशा सुराचा. माझं लिहिणं त्याच्या बाजूने कोणी पुढे ढकलू नये. धुळ्या-भुसावळच्या मुसलमान घरांत सुंता हा धर्माचा आणि आनंदाचा प्रसंग असतो, पोराला नवे कपडे, घरात पाहुणे. तो त्यांचा निर्णय, आणि तो कॅन्सरच्या मेसेजवर उभा नाही. वॉर्डात माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या अशा आयांना मी एवढंच सांगायचे: वस्तरा घेऊन घरी येणाऱ्यापेक्षा सर्जनकडे न्या, भूल देऊन करून घ्या, बाळाला कावीळ असेल किंवा वजन कमी असेल तर थांबा. बहुतेकजणी तेच करत.

भाच्याने तारीख सोडली, पण मनातून धास्ती गेली नव्हती. म्हणून सोमवारी सकाळच्या गाडीने मीच अमळनेरला गेले. मालीशवाली अंगणात पाय पसरून बसलेली, पोर तिच्या नळ्यांवर उताणं, अंग तेलाने चकाकणारं. मी तिच्या हाताकडे बघतेय हे तिने ओळखलं. "मी ते फक्त तेल लावस, सिस्टरबाई," ती आधीच म्हणाली. पोराला लघवी करताना येणारा फुगा मला जवळून दाखवायला भाचा मोबाइल घेऊन वाकला. पोराने जरा अंग आखडलं, टोकाला इवलासा फुगा आला, आणि पुढच्या क्षणी धार सरळ भाच्याच्या ऑफिसच्या शर्टावर.

"दख, कशी धार शे!" मालीशवाली हसत सुटली. भाचा शर्ट झटकत माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, झाली बाबा तपासणी, आता चहा ठेवायला सांग.