लिथियमची गोळी चालू असताना मीठ बंद करू नका

‘लिथियम हे बॅटरीतलं विष आहे. ते मेंदू सुकवतं, कॉर्टिसोल वाढवून शरीर पोखरतं, किडनी खातं. गोळी कमी करत सोडा आणि तोवर शरीरशुद्धीसाठी मीठ पूर्ण बंद ठेवा.’ हा फॉरवर्ड माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावसभाऊ बायपोलरसाठी (मूड टोकाचा चढणं-उतरणं हा मानसिक आजार) कित्येक वर्षं लिथियम घेतोय. मावशीने त्याची आमटी अळणी करायला सुरुवातही केली होती, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी मिठाचं, कारण यात जीव जाऊ शकतो. लिथियम आणि सोडियम एकाच घराण्यातले. शरीरात मीठ कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच राहते, पण रक्तातली पातळी चढत जाते. ती साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर हवी. 1.5 च्या वर गेली की हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, जीभ जड होते; पुढे झटके आणि बेशुद्धी. 1949 च्या सुमारास अमेरिकेत मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिलं जाई. त्यातून विषबाधा झाली, माणसं दगावली. कडक उपास, जुलाब, गुडघ्यासाठी परस्पर घेतलेलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, यांनीही पातळी अशीच चढते.

बॅटरीबद्दल काय बोलायचं? सोडियम धातू पाण्यात पेट घेतो, म्हणून आपण मिठाला स्फोटक म्हणतो का? गोळीत असतो तो लिथियम कार्बोनेट, म्हणजे क्षार.

मेंदू सुकतो म्हणे! 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 4 आठवड्यांच्या लिथियमनंतर 10 पैकी 8 रुग्णांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या करड्या भागाचं आकारमान वाढलेलं दिसलं. अभ्यास छोटा आहे, पण ‘सुकतो’च्या बरोबर उलट आहे.

कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन; त्याचं अर्धसत्य मान्य करतो. नैराश्याच्या औषधाला लिथियमची जोड दिल्यावर त्या रुग्णांच्या हार्मोन चाचणीत कॉर्टिसोलचा प्रतिसाद वाढल्याचं जर्मन डॉक्टरांनी नोंदवलंय. शरीर पोखरलं गेलं, असं मात्र त्यातून निघत नाही. किडनीचंही थोडं खरं आहे. तहान आणि लघवी वाढते, थायरॉइड मंदावू शकतं, दीर्घकाळ घेतल्यावर काहींची किडनी कमकुवत होते. म्हणून तर लिथियम लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम ठरावीक काळाने तपासतात. तपासण्या चुकवू नका.

फॉरवर्डने जे लिहिलंच नाही ते सांगतो. 2013 च्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 48 औषध-चाचण्या आणि 6,674 रुग्णांचा एकत्रित आढावा आहे. औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या स्पष्टपणे कमी होत्या. ते अचानक थांबवलं तर आजार उसळून येण्याचा धोका मोठा असतो. थांबवायचंच ठरलं तर मानसोपचारतज्ज्ञ डोस किमान 4 आठवडे, शक्यतो 3 महिने घेऊन उतरवतात, आणि त्या काळात रुग्णावर लक्ष ठेवतात.