सातबारा कोरा करू नका

कुणी दुखावलं तर माफ करून मोकळं व्हावं, असं सांगणारे हल्ली फार झाले आहेत. रोज सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या फुलासकट सांगतात. त्यांचं ऐकू नका. मोकळं होऊन करणार काय? मोकळ्या माणसाला बायको दळण आणायला पाठवते.

राग ही स्थावर मिळकत आहे. ती राखायची कशी, हे मी २७ वर्षांच्या वहिवाटीवरून सांगतो.

आधी नोंद. अपमान झाला की त्याच दिवशी मनाच्या सातबाऱ्यावर चढवावा. आमच्या आप्पांच्या, म्हणजे थोरल्या चुलतभावाच्या, मुलीचं लग्न १९९८च्या वैशाखात झालं. मांडवात मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली. व्याह्यांना फेटा, सरपंचांना फेटा, दूध डेअरीच्या चेअरमनला फेटा. (हा माणूस दुधात पाणी किती, यावर तासभर बोलू शकतो, बाकी त्याचा मान कसला?) माझं नाव माइकवर पुकारलं. मी कॉलर सारखी करत पुढं झालो. फेटेवाल्यानं पिशवीत हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. मग आप्पांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. पांढरा, लाल काठाचा, एका टोकाला उसवलेला. समोर पंगतीची वाट बघत चारशे माणसं. हसलं कुणीच नाही. पण न हसण्याचीही एक तऱ्हा असते.

तो टॉवेल ट्रंकेत आहे. दर दिवाळीला डांबरगोळ्या बदलतो.

तुम्ही म्हणाल, फेटे खरंच संपले असतील. इथंच माणूस घसरतो. समोरच्याच्या बाजूनं विचार करायला लागलात की बांध खचला म्हणून समजा.

बांधावरून आठवलं. अपमान एकटा फार दिवस टिकत नाही, त्याला जोड लागते. मी फेट्याला बांध जोडला. आप्पांनी नांगरटीत सामाईक बांध हातभर कोरलाय, हे मला त्याच पावसाळ्यात दिसलं. आधीही कोरलेला असेल, पण लग्नाआधी दिसत नव्हता. हातभर म्हणजे दीड फूट, बांध ३०० फूट लांब, एकूण ४५० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे अर्धा गुंठासुद्धा भरत नाही. एवढ्या जागेत भुईमुगाच्या शेंगा किती निघतील आणि तालुक्याच्या फेऱ्यांना एसटीचं भाडं किती गेलं, याचा हिशोब हिनं एकदा कॅलेंडरच्या मागं मांडून दाखवला होता. मी कॅलेंडर उलटं करून ठेवलं. प्रश्न शेंगांचा नव्हताच.

सरकारवर तर विसंबूच नका, ते या मिळकतीच्या मुळावर उठलंय. २००७ साली १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम काढली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भाऊबंदकी मिटवा आणि गावाला बक्षीस घ्या! समितीची माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली, दोनदा चहा प्यायली आणि ‘नाना, सोडून द्या’ म्हणाली. समितीत डेअरीचा चेअरमनही होता. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून २०२३मध्ये सलोखा योजना आली. तुमची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची तुमच्या, असं १२ वर्षं चाललं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. बारा वर्षांची शिवीगाळ दोन हजारांत मातीमोल! आमचं प्रकरण अदलाबदलीचं नाही, एकतर्फी आहे. म्हणून वाचलो.

संतांचे दाखले देणारेही भेटतील. पैठणला नाथ गोदावरीत स्नान करून निघाले की एकजण अंगावर थुंकायचा आणि नाथ न रागावता पुन्हा बुडी मारायचे, ही गोष्ट तुम्हाला हमखास ऐकवतील. त्यांना एवढंच सांगा की आमच्याकडं नळाला दिवसाआड पाणी येतं.

आता मशागत. रात्री अडीचची वेळ उत्तम. घर निजलेलं असतं, कुत्रीही भुंकून दमलेली असतात. त्या दिवशी मांडवात मी जे बोलायला हवं होतं, ते आता फार सफाईनं बोलतो. सुरुवातीला चार वाक्यं होती, आता पाऊण तास पुरतो. आप्पांना एका शब्दाचं उत्तर सुचत नाही. ते पलीकडच्या आळीत घोरत असतात, पण त्यानं काही बिघडत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आहे, ती सकाळी घ्यायची. गोळी मला, आप्पांना नाही. हाही त्यांचाच कावा असावा.

मुदतीची काळजी नको. उसने पैसे बुडाले तर दावा ३ वर्षांत लावावा लागतो, जमिनीच्या ताब्यासाठी १२ वर्षांत. रागाला तसलं काही नाही, तो सरळ वारसांच्या नावावर चढतो. माझा मुलगा हिंजवडीला असतो. त्याला आपल्या शेताचा गट नंबर सांगता येत नाही, पण आप्पांच्या मुलाच्या फोटोला लाइक करायचं नाही, हे त्याला पाठ आहे. फेरफार झाला म्हणायचा.

इतकं सगळं करूनही संकट येतंच. या संक्रांतीला आप्पा काठी टेकत स्वतः आले. हात कापत होता. ‘नान्या, घे,’ म्हणाले. मला नान्या म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही, त्यामुळं क्षणभर माझा हात पुढं गेला होता. पण मी तो वेळीच खिशात घातला. हिनं आतून चहाला हाक मारली, तेव्हा मीच म्हणालो, त्यांना घाई आहे. आप्पा थोडा वेळ उभे राहिले, लाडू ओट्यावर ठेवला आणि पायरी चाचपत उतरले.

मी लाडवाला हात लावला नाही. रात्री अडीचला दार उघडून पाहिलं तर मुंग्यांची रांग लागली होती. मी दोनदा फुंकर मारली. पण मुंग्यांना कुठं माहीत आहे, तो कुणाच्या घरचा ते.