एक बत्तीसांश इंच

गेल्या रविवारी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलच्या सभागृहात भरलेल्या संग्राहकांच्या कार्डबाजारात, शे-दीडशे माणसांदेखत, माझे बेसबॉलचे कार्ड एक बत्तीसांश इंचाने आखूड असल्याचे जाहीर झाले. विक्रेत्याने खिशातून छोटी पोलादी पट्टी काढली, कार्डाच्या कडेला टेकवली, ओठ मुडपले आणि पत्रिकेत मंगळ निघाल्यावर गुरुजी ज्या सुरात बोलतात त्या सुरात 'ट्रिम्ड' एवढाच शब्द उच्चारला. २८० डॉलरला घेतलेल्या त्या कार्डाचे तो ६० डॉलर द्यायला तयार होता, आणि तेही, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, मी सभ्य दिसतो म्हणून.

कार्ड टॉप्स कंपनीचे, १९५६ सालचे, हँक आरनचे, क्रमांक ३१. पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेतली पोरे बबलगमच्या पुड्यातून ही बेसबॉलची कार्डे मिळवत, अदलाबदल करत, सायकलच्या चाकात अडकवून फटफटीचा आवाज काढत, आणि पोरे मोठी झाली की त्यांच्या आया ती कचऱ्यात टाकत. म्हणून जी उरली त्यांना किंमत आली. लहानपणी नाशकात बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे मीही जमवली होती आणि माझ्याही आईने ती रद्दीत घातली होती. त्यामुळे या देशात येऊन इथल्या आयांच्या तावडीतून सुटलेली कार्डे जमवण्यात मला सूड घेतल्याचे जे समाधान मिळते, ते घरात कोणालाही समजावून सांगता आलेले नाही.

'ट्रिम्ड' म्हणजे कडा कापलेले. कार्डाचे कोपरे झिजून गोल झाले की कोणी लबाड मनुष्य कडेची बारीक पट्टी छाटतो, कोपरे पुन्हा टोकदार होतात आणि कार्ड नवे दिसते. हे पाप आहे, मान्य आहे. परंतु त्या काळी कारखान्यात मोठ्या तावांवरून कार्डे कापली जात, तेव्हा एखादे जन्मतःच आखूड निघाले असण्याची शक्यता कोणी विचारातच घेत नाही. शिवाय न्याय सर्वांना सारखा असता तरी मी गप्प बसलो असतो. होनस वॅगनर या जुन्या बेसबॉलपटूचे, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालेले एक प्रसिद्ध कार्ड १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला विकले गेले, आणि कार्डे तपासून त्यांना दहापैकी गुण देणाऱ्या व गुणांचा आकडा लावून प्लास्टिकच्या पेटीत बंद करणाऱ्या कंपनीकडून त्याला आठ गुण मिळाले. पुढे २०१३ मध्ये, ते एकेकाळी ज्याच्या हाती होते त्या व्यापाऱ्याने स्वतःच कबुली दिली, की त्याच्या कडा आपणच कापल्या. मधल्या काळात, २००७ मध्ये, त्या कार्डाने २८ लाख डॉलर मिळवून दिलेले होते. कबुलीनंतरही ते कोणी रद्दीत घातलेले नाही. लक्षाधीशाचे कापलेले कार्ड हा इतिहास ठरतो, आणि माझे कापलेले कार्ड म्हणजे मी सभ्य दिसतो म्हणून ६० डॉलर.

हा सारा युक्तिवाद मला इंग्रजीत वेळेवर सुचला नाही. माझ्या तोंडून फक्त 'आयला' एवढेच निघाले.

"मराठी का हो?" मागून आवाज आला.

वळून पाहिले तर गळ्यात मफलर, पायांत मोजे घालून चढवलेले सँडल आणि अंगात नातवाच्या शाळेचे नाव छापलेला स्वेटशर्ट अशा वेशातले एक गृहस्थ उभे होते. मूळचे मिरजेचे. बँकेत ३४ वर्षे नोकरी, त्यांतली शेवटची १९ हेड कॅशियर म्हणून. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते, आणि बारा वर्षांचा नातू पलीकडच्या टेबलावर पोकेमॉनची कार्डे चाळत असल्यामुळे त्यांना दोन तास काहीही काम नव्हते. ज्याला दोन तास काहीही काम नाही अशा निवृत्त हेड कॅशियरच्या हाती माणसाने आपली अब्रू कधीही सोपवू नये, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

"कितीला पडलं हे?"

मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे चोवीस हजार झाले की ओ." डोळे उघडले. "चालतं कुठं हे?"

"चालतं म्हणजे?"

"दुकानात दिलं तर काही मिळतं का?"

"नाही, काका."

"मग नोट नव्हे. शेअर?"

"शेअरही नव्हे."

"बरं," असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. माझी केस गुंतागुंतीची आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

इथे माझ्यातला संग्राहक जागा झाला. मी त्यांना सांगितले, की हा हँक आरन. याने ८ एप्रिल १९७४ रोजी बेब रूथचा ७१४ होम रनांचा, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकारांचा, विक्रम मोडला, एक काळा माणूस गोऱ्याचा विक्रम मोडणार म्हणून त्याला धमकीची पत्रे येत होती, तरी तो पुढे ७५५ पर्यंत गेला. काका मान हलवत होते. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु ज्ञान पाजळण्याची खोड वाईट. मी पुढे हेही सांगितले, की कार्डावर मोठा चेहरा आरनचा असला तरी मागे घसरत धाव घेणारा जो छोटा खेळाडू दिसतो, तो खरे म्हणजे विली मेज आहे; कंपनीने दुसऱ्याच संघातल्या खेळाडूचे छायाचित्र घेऊन त्यावर आरनच्या संघाचा गणवेश रंगवला.

काका कार्डाकडे पाहत राहिले.

"आणि ही सही?"

"छापील आहे. सगळ्या कार्डांवर असते."

"म्हणजे तोंड एकाचं, धड दुसऱ्याचं, सही छापील आणि कडा कापलेली." ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं असला कागद काउंटरवर आला तर आम्ही आधी शटर ओढायचो, मग पोलिसांना फोन."

मी कंपनीची बाजू घेतली, हे आता आठवले तरी लाज वाटते. चुका होतात, असे मी म्हणालो. १९५७ साली याच आरनचे छायाचित्र उलटे छापले गेले आणि उजवा फलंदाज डावखुरा झाला. १९६९ साली ऑरेलिओ रॉड्रिगेझ या खेळाडूच्या कार्डावर त्याच्याऐवजी बॅटी सांभाळणाऱ्या पोराचा फोटो छापला गेला. "आणि एवढं होऊन," काका म्हणाले, "हे लोक तुमची कड मोजतात?"

त्या सभागृहात त्या दिवशी मला कोणी बोलले असेल असे हे एकमेव शहाणपणाचे वाक्य होते, आणि त्याच क्षणी मी त्यांच्या पूर्ण कह्यात गेलो.

"ऐका," ते म्हणाले. "रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पन्नास आणि त्यावरची नोट फाटली, आणि सगळ्यात मोठा तुकडा ८० टक्क्यांच्या वर असला, तर पूर्ण पैसे. ४० ते ८० असला तर निम्मे. त्याखाली काही नाही. तुमचं किती गेलंय?"

"एक बत्तीसांश इंच."

"एकूण उंची?"

"दोन आणि पाच अष्टमांश."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "सव्वा टक्का धरा. पूर्ण पैसे! सांगा त्याला."

मी सांगितले. रिझर्व्ह बँकेचा उल्लेख टाळून सांगितले, तरी सांगितले. विक्रेत्याने आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिले आणि ६० हा आकडा पुन्हा उच्चारला. खरे तर काकांच्या म्हणण्यात माझी सारी तक्रार आली होती. ज्या कागदावर गव्हर्नरने पैसे देण्याचे वचन दिलेले असते, त्याचा पाचवा हिस्सा जवळजवळ गेला तरी सरकार चालवून घेते. आणि च्युइंगमबरोबर फुकट वाटलेल्या पुठ्ठ्याची केसभर कड गेली तर मात्र त्याला गुण नाहीत, प्लास्टिकची पेटी नाही. लोक आता कार्ड विकत घेतच नाहीत, पेटीवरचा आकडा विकत घेतात, आणि आरनचा चेहरा त्या आकड्याखाली भाडेकरूसारखा राहतो.

"त्याचं राहू द्या," काका म्हणाले. "खरं की खोटं तेवढं मी सांगतो. ३४ वर्षं हेच केलंय."

आणि मी 'काका, नको' म्हणेपर्यंत त्यांनी विक्रेत्याच्या गादीवर उघडे पडलेले माझे कार्ड उचलले, अंगठा जिभेला लावला, कार्ड दोन बोटांत धरून कानाजवळ नेले आणि हेड कॅशियर नोटेला देतो तशी एक खणखणीत टिचकी दिली.

फट्.

"कागद खरा आहे," काका म्हणाले.

डावीकडच्या कोपऱ्यात केसासारखी पांढरी मोड उमटली होती, आणि विली मेजच्या पायाशी ओल्या अंगठ्याचा ठसा. पलीकडून नातू "आजोबा, नो!" असे ओरडत धावत आला, पण त्याला उशीर झाला होता. विक्रेत्याने भिंग डोळ्याला लावले, बराच वेळ पाहिले आणि '४०' असे म्हटले.

"आता चाळीस?" काका संतापले. "मघाशी साठ म्हणाला होता ना? शब्दाचा माणूस नाही हा."

मी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातले, पाकीट वहीत ठेवले आणि वही पिशवीत. रागावायचे कोणावर, हे ठरत नव्हते. वडीलधाऱ्या माणसावर परदेशात ओरडणे जमत नाही, आणि त्यांनी माझे कार्ड खरे ठरवले होते, हेही विसरता येत नव्हते. दिवसभरात तेवढे तरी कोणी ठरवले नव्हते.

माझा चेहरा पाहून काकांना बहुधा दया आली असावी. ते मला खांबाआड घेऊन गेले, इकडेतिकडे पाहून त्यांनी स्वेटशर्टच्या आतून पासपोर्टचे पाकीट काढले आणि त्याच्या सर्वांत आतल्या कप्प्यातून एक पारदर्शक पिशवी. पिशवीत दुसरी पिशवी होती, आणि तिच्यात ५०० रुपयांची जुनी नोट.

"शेवटचे आकडे बघा. ७८६. नोव्हेंबर २०१६ मध्ये निम्म्या मिरजेला मी नोटा बदलून दिल्या. निवृत्तीला सहा महिने होते. ही तेवढी नाही बदलली." त्यांचा आवाज खाली आला. "घरात कुणाला माहीत नाही."

"पण काका, ही आता चालते कुठे?"

त्यांनी उत्तर दिले नाही. मी नीट पाहावे म्हणून हात पुढे केला, तशी त्यांनी पिशवी झटकन छातीशी घेतली.

"लांबूनच बघा," ते म्हणाले. "हाताला घाम असतो."